पदवीचे जनुकशास्त्र: आधी मेंडेलचे वाटाणे की आधी डीएनए?

परीक्षानळी:
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षे जनुकशास्त्र शिकवतो आहे. मेंडेलच्या वाटाण्याच्या संकराचा चौकटींचा तक्ता फळ्यावर काढायला घेतला की तो पुरा होण्याआधीच वर्ग '३:१' (तीन गोल दाण्यांमागे एक सुरकुतलेला) म्हणून मोकळा होतो, कारण शाळेत तो घोटून घेतलेला असतो. पण सुरकुतलेला दाणा कशामुळे सुरकुततो, असे विचारले की 'सर, तो गुण अप्रभावी आहे' असे सांगितले जाते. दुसऱ्या गुणासमोर झाकला जाणारा गुण म्हणजे अप्रभावी, पण हे कारण नव्हे, नुसते नाव झाले. खरे कारण १९९० साली उलगडले. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारे विकर (एन्झाइम) ज्या जनुकामुळे तयार होते, त्यात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला असतो. विकर निकामी झाल्याने स्टार्च कमी बनतो, साखर साचते, साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढून घेतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. एवढी सुंदर साखळी हाताशी असताना आपण पहिले चार आठवडे चौकटी भरण्यात का घालवतो? डीएनए आणि प्रथिने आधी शिकवावीत, मेंडेल मागाहून यावा, असे माझे मत आहे.

काचपट्टी:
मी याच्या पूर्ण विरोधात आहे. डीएनए, त्यापासून आरएनए, त्यापासून प्रथिन हा मंत्रही विद्यार्थी तितक्याच भक्तिभावाने घोकतील. घोकंपट्टीचा दोष मेंडेलच्या माथी मारू नये. मेंडेलचे मूळ आकडे कोणी वर्गात मांडतो का? दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले, त्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. नेमके ३:१ असते, तर ५,४९३ आणि १,८३१ निघायला हवे होते. हा १९ दाण्यांचा फरक योगायोगाचा की नियमच चुकीचा, हे ठरवायला काई-वर्ग चाचणी लावावी लागते आणि उत्तर ०.२६ च्या आसपास येते, म्हणजे फरक किरकोळ आहे. मग १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी घेतलेला आक्षेप सांगावा, की मेंडेलचे एकूण आकडे संशय यावा इतके चोख जुळतात. जो कण कोणी पाहिलेला नाही, तो केवळ मोजणीतून असलाच पाहिजे असे म्हणण्याचे धाडस विद्यार्थ्याला डीएनएचे आयते चित्र दाखवून कसे शिकवणार?

परीक्षानळी:
मोजून अनुमान काढण्याचा मक्ता एकट्या मेंडेलकडे नाही. मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू साध्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर डीएनएचा एकच, मधल्या वजनाचा पट्टा दिसला. दुसऱ्या पिढीनंतर मधला आणि हलका असे दोन. एवढ्यावरून प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे विद्यार्थी स्वतः सांगू शकतात.

वैनगंगा:
मी पूर्व विदर्भात शिकवते. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे पुस्तकातला विषय नाही. वर्गातल्या काहींच्या घरातच तो आजार असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि त्यामागे डीएनएतले एकच अक्षर बदललेले असते, हे मुलींना पटकन समजते. मात्र तास संपल्यावर एकीने विचारले, 'मॅडम, ताई आणि भाऊजी दोघेही वाहक आहेत. पहिल्या बाळाला आजार निघाला, म्हणजे पुढची तीन सुटली ना?' वाहक म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतःला आजार नसलेली व्यक्ती. चार चौकटींपैकी एक भरली, आता तीन उरल्या, असा तिचा हिशेब होता. प्रत्येक गर्भाला धोका पुन्हा एक चतुर्थांशच असतो, हे कोणत्याही रेणूच्या चित्रातून कळत नाही. आणि आपण ज्या रीतीने ३:१ शिकवतो, त्यातूनही कळत नाही. दुसरे असे की, वाहकाच्या रक्ताची विद्युत्-चाचणी (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी) केली तर दोन्ही हिमोग्लोबिनचे पट्टे दिसतात. आजार अप्रभावी, पण पट्टे दोन्ही हजर! मग 'अप्रभावी' हा शब्द जनुकाचा गुण सांगतो की आपण कुठे पाहतो ते सांगतो, यावर आमचा एक अख्खा तास गेला.

दुसरा बाक:
मी विद्यार्थी आहे, त्यामुळे थोडे वेगळे लिहितो. शाळेत 'गुणसूत्र' शिकलो, महाविद्यालयात ते 'क्रोमोसोम' झाले, त्याच आठवड्यात 'क्रोमॅटिड' आणि 'क्रोमॅटिन' आले. आधी कोण आणि मागून कोण, यापेक्षा मधला दुवाच गळतो, ही आमची खरी अडचण आहे. अर्धगुणसूत्री विभाजन (ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ते पेशीविभाजन) पेशीशास्त्राच्या पेपरात येते, मेंडेल दुसऱ्या पेपरात, आणि गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात म्हणूनच मेंडेलचे घटक वेगळे होतात, हे कुणी सांगत नाही. मला ते लाल आणि निळ्या लोकरीचे तुकडे टेबलावर मांडल्यावर उमगले, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री.

परीक्षानळी:
वैनगंगा यांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी यंदा पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीन आणि लोकरही आणीन. चार आठवडे मात्र देणार नाही.

काचपट्टी:
दोन द्या. पण ते १९ दाणे गाळू नका.