स्लाऊचा निकाल, ९.९९ टक्के आणि 'आपला ऋषी'

खिडकीतला पाऊस

शनिवारी टीव्हीवर राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक चालू होता आणि फोनवर तीच पोस्ट तिसऱ्यांदा येऊन आदळली. 'स्लाऊमध्ये ऋषी इफेक्ट', खाली जोडलेले हात, झेंडे, दिवे. मथितार्थ असा की ऋषी सुनक हा भारतीय वंशाचा माणूस ब्रिटनचा पंतप्रधान झाल्यामुळे आपली माणसं एक झाली आणि गुरुवारी, ४ मे २०२३ ला, त्यांनी लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या कौन्सिलमधून (म्हणजे नगरपालिकेतून) सत्ताधारी लेबर पक्षाला घरी बसवलं. पहिल्या दोन वेळा गिळून टाकली. तिसऱ्यांदा ज्यांनी पाठवली ते गेल्या वर्षापर्यंत माझ्याच गल्लीत राहात होते, म्हणून हा प्रपंच.

निकाल तेवढा खरा आहे. ४२ जागा. सुनकचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष २१, लेबर १८, लिबडेम (लिबरल डेमोक्रॅट) ३. बहुमताला एक कमी. आधी कॉन्झर्व्हेटिव्ह बोटांवर मोजण्याइतके होते, म्हणजे उडी मोठीच. पण त्याच दिवशी इंग्लंडभर याच पक्षानं हजारावर नगरसेवक गमावले, हे पोस्टकर्त्यानं सोयीस्कर गाळलं. ऋषीची जादू होती, तर ती नेमकी आमच्या स्लाऊतल्या मार्सच्या चॉकलेट फॅक्टरीच्या आसपासच कशी काय चालली?

इथं राहणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही, ते एप्रिलमध्ये पाकिटातून घरी येतं. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलला कलम ११४ ची नोटीस लागली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याची लेखी कबुली. ७६ कोटी पौंडांचं कर्ज. २०१८-१९ चं ऑडिटसुद्धा वेळेत पुरं झालेलं नव्हतं. सरकारनं कमिशनर आणून बसवले, मालमत्ता विकायला काढल्या, आणि यंदा (२०२३-२४) कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ९.९९ टक्क्यांनी वाढवला. इतर कौन्सिलांना सार्वमत न घेता ४.९९ च्या वर जाता येत नाही. स्लाऊ आणि थरॉकला ९.९९ ची खास परवानगी, क्रॉयडनला १४.९९ ची. लोकांनी बिल बघितलं आणि मतदानाची पेन्सिल उचलली. यात भगवं, निळं, आपलं, परकं कुठून आलं?

धारदार विळी

ती पोस्ट मी पण पुढे पाठवली होती, त्यामुळे टोमणा पोचला. धन्यवाद.

तुम्ही स्लाऊपुरतं बोलताय कारण ते सोयीचं आहे. लेस्टर शहर घ्या ना. २०१९ मध्ये ५४ पैकी ५३ लेबर. परवा ३१. कॉन्झर्व्हेटिव्ह शून्यावरून १७. तिथं कुठली नोटीस लागली होती हो? सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं हिंदू-मुस्लिम तणावातून काय झालं ते अख्ख्या जगानं पाहिलं. लोकांना वाटलं आपलं कुणी ऐकत नाही, त्यांनी मतपेटीतून सांगितलं. अस्मितेचं नाव काढलं की तुमच्यासारख्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण म्हणून ती नाहीशी होत नाही.

लेस्टरची सून

विळीताई, मी इथं सोळा वर्षं आहे, त्यामुळे जरा थांबा. सप्टेंबरचा परिणाम झाला, नाही म्हणत नाही. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लेबरला मत दिलं नाही, आणि त्या जयंतीला मंदिरात पेढे वाटावेत तशा गल्लीभर सांगत फिरल्या. पण लेबरनं स्वतःच्या एकोणीस नगरसेवकांची तिकिटं कापली हे तुमच्या पोस्टमध्ये कुठंय? वर्षानुवर्षं दारात येणारा माणूस पक्षानं बाजूला केला की त्याची मतं काय हवेत राहतात? आणि महापौर पीटर सोल्सबी लेबरचेच, पुन्हा निवडून आले. त्याच दिवशी, त्याच शहरात. एका हातानं धडा शिकवला नि दुसऱ्या हातानं हार घातला असं म्हणायचं का?

धारदार विळी

तिकिटं कापल्याचा मुद्दा मान्य. अर्धा. सासूबाईंचा मात्र माझ्या बाजूनं मोजते.

बंड्या हिशेबनीस

दोघंही चूक, सवयीप्रमाणे.

१) कौन्सिलचं दिवाळं निघत नाही. कायद्यात तशी सोयच नाही. कलम ११४ म्हणजे वित्त अधिकारी लिहून देतो की जमाखर्चाचा मेळ बसत नाही, कायद्यानं बंधनकारक ते सोडून नवा खर्च बंद. पोस्टमध्ये 'बँकरप्ट' आहे, म्हणून सांगितलं.

२) २०१० पासून सरकारी अनुदानाला कात्री लागली. पैसा कुठून आणायचा, तर स्वस्त सरकारी कर्ज काढा, इमारती घ्या, भाडं खा. हा सल्ला कुणाच्या राज्यात फोफावला? थरॉक कॉन्झर्व्हेटिव्हांच्या ताब्यात होतं, डिसेंबरात त्यांनीही ११४ लावलं. नॉर्दम्प्टनशायर काउंटीनं तर २०१८ मध्येच लावलं होतं, तीही त्यांचीच. लेबरवाले चोर आणि बाकीचे हरिश्चंद्र असं काही नाही.

३) वृद्ध आणि मुलांच्या देखभालीवर कौन्सिलच्या पैशाचा मोठा वाटा जातो, ते कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त कचऱ्याचा डबा.

खिडकीतला पाऊस

बंडूशेठ, अनुदान सगळ्यांचंच कापलं. वह्या सगळ्यांच्या रखडल्या नाहीत. घरात पैसे कमी आले म्हणून कुणी हिशेबाची वही फाडत नाही.

बंड्या हिशेबनीस

वही फाडली असं कुठल्या अहवालात लिहिलंय ते दाखवा. नाहीतर शब्द मागे घ्या. मी या धंद्यात बावीस वर्षं आहे, तुम्ही बिल वाचून तज्ज्ञ झालात.

खिडकीतला पाऊस

फाडली नाही. लिहिलीच नाही. घ्या, झालं समाधान?

वाळवंटातला कोकणी

डब्याचा विषय निघालाच आहे तर. मी राहतो तिथल्या कौन्सिलनं (नाव नको, शेजारी मराठी वाचतात) हिरवा, निळा, काळा, तपकिरी असे चार डबे दिलेत. मागच्या महिन्यात काळ्या डब्याचं झाकण चार बोटं उघडं राहिलं म्हणून न उचलता चिठ्ठी लावून गेले. आत लग्नाच्या वाढदिवसाच्या कोळंबीची सालं. दोन आठवडे. बायको अजून बोलते त्यावर. मत कुणाला दिलं ते विचारू नका, पण कोळंबी डोळ्यापुढे होती.

धारदार विळी

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पाऊसराव, कमिशनर कुणाच्या सरकारनं पाठवले? कॉन्झर्व्हेटिव्ह. ९.९९ ची परवानगी कुणी दिली? कॉन्झर्व्हेटिव्ह. मग ज्यांना ९.९९ चा राग आला त्यांनी परवानगी देणाऱ्यालाच निवडून दिलं? हा कुठला हिशेब? म्हणजे तुमचे 'बिल बघून पेन्सिल उचलणारे' मतदारसुद्धा भावनेवरच गेले. फक्त तुमच्या भावनेला तुम्ही कारण म्हणता आणि आमच्या कारणाला भावना.

खिडकीतला पाऊस

हा मुद्दा चांगला आहे. लागला.

पण वेटरनं सांडलं तर माणूस वेटरवरच ओरडतो, मालक कोण ते बघत नाही. यंदा सगळ्या ४२ जागा एकदम होत्या, एरवी एक तृतीयांशच असायच्या. नवे वॉर्ड, प्रत्येकी दोन नगरसेवक, हातात दोन मतं. राग एका दिवसात पूर्ण निघायची सोय होती, ती लोकांनी वापरली. माझ्या दारावर जे आले होते त्यांच्या तोंडी सुनक एकदाही आला नाही. कॉन्झर्व्हेटिव्हवाल्यांच्यासुद्धा नाही.

अजून एक मुंबईकर

माफ करा, मधेच विचारतो. तुमच्यातल्या किती जणांकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे? माझा आतेभाऊ वर्क व्हिसावर ऑक्टोबरात गेला आणि परवा मत देऊन आला म्हणे. भारताचा पासपोर्ट दाखवून! थापा मारतोय ना?

खिडकीतला पाऊस

थापा नाही. राष्ट्रकुलाचा नागरिक असाल आणि राहायचा परवाना असेल तर इथं नाव नोंदवता येतं. कौन्सिलच काय, पार्लमेंटलासुद्धा मत देता येतं. यंदापासून फोटो ओळखपत्र लागतं, त्यात राष्ट्रकुलातल्या देशांचा पासपोर्ट चालतो. मीही अशोकस्तंभवालाच दाखवला.

अजून एक मुंबईकर

हे भयंकर आहे. सहा महिन्यांपूर्वी उतरलेला माणूस त्यांचं सरकार ठरवणार? उद्या आपल्याकडे कुणी असं केलं तर तुम्हीच ओरडाल.

लेस्टरची सून

भयंकर काय त्यात? टॅक्स पहिल्या महिन्यापासून घेतात की.

बंड्या हिशेबनीस

टॅक्स सगळ्यांकडूनच घेतात. आमच्या समोर एक नेपाळी गृहस्थ राहतात. यांच्या फौजेत उमेदीची सगळी वर्षं काढली, गुडघा गेला, पण नागरिकत्व नेपाळचंच ठेवलंय. नेपाळ राष्ट्रकुलात नाही. त्यामुळे ते बाकावर बसून बघतात आणि शेजारच्या घरात भाड्यानं आलेला हिंजवडीचा पोरगा ऐटीत मत देऊन येतो. यात न्याय कुठं आहे ते सांगा. मी लेबरवाला असूनही सांगतो, हा नियम साम्राज्याचं उरलेलं खरकटं आहे.

धारदार विळी

खरकटं तर खरकटं, दीडशे वर्षं राबवून घेतलं आमच्या पणजोबांना, एक मत दिलं तर काय मोठं! (बंड्याभाऊंचे नेपाळी काका मात्र खरंच वाईट वाटण्यासारखे. त्यांना द्या की, आमचं का काढता?)

पेठेतली

तुम्ही सगळे तिकडच्या २१ आणि १८ वर भांडताय, वाचून पोटात दुखतंय माझ्या. स्लाऊमध्ये कमिशनर आहेत, तिजोरीत खडखडाट आहे, तरी ठरल्या गुरुवारी निवडणूक झाली. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबईचीही. आज मे २०२३. नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात. नवी मुंबई आणि औरंगाबाद तर २०२० पासून. तीन वर्षं! बुडालेल्या कौन्सिलला निवडणूक आणि न बुडालेल्यांना नाही.

कडक इस्त्री

संभाजीनगर.

पेठेतली

पाणी येऊ दे आधी रोज, मग म्हणते.

अजून एक मुंबईकर

नगरसेवक नाहीत ते बरंच आहे. होते तेव्हा काय दिवे लावले? आमच्या वॉर्डातले एक (नाव घेत नाही) पाच वर्षांत फक्त नवरात्रात दिसायचे, फ्लेक्सवर. आता वॉर्ड ऑफिसात थेट अर्ज देतो, काम होतं.

पेठेतली

तुमचं होतं हो, तुम्हाला अर्ज लिहिता येतो. आमच्या शहरातल्या वस्तीत ड्रेनेज फुटलं तेव्हा आमच्या पोळ्यावाल्या मावशी नगरसेविकेच्या दारात जाऊन बसायच्या. जिना ओळखीचा होता. आता कुणाच्या दारात बसायचं? प्रशासकाचा बंगला दाखवा त्यांना. फ्लेक्स दिसला तरी पुरे, कुणाला शिव्या द्यायच्या ते कळतं.

अजून एक मुंबईकर

शिव्या देण्यासाठी नगरसेवक ठेवायचा, म्हणजे महागडीच करमणूक. असो. मावशींचं पटलं. आतेभावाचं नाही पटलं. ज्यांनी देश सोडला त्यांनी निदान इथल्यावर तरी बोलू नये.

खिडकीतला पाऊस

देश सोडला?? अहो, पासपोर्ट भारताचाच आहे! भारतात मत द्यायचं म्हटलं तर परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, पण मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहायचं. टपालानं नाही. २०१९ ला मी तिकीट काढायला बसलो होतो, हीथ्रो ते मुंबई, पुढे एसटीनं सांगली. किंमत बघून बायको म्हणाली, त्या पैशात उमेदवारालाच इकडे बोलवा. बाबांचं शेवटचं मत त्या वर्षीचं. फोनवर म्हणाले, तुझ्या वाटणीचं पण मीच देऊन आलो समज. आता इथं केंद्रावर शाई लावत नाहीत, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असते. घरी आल्यावर उगाच बोटाकडे बघितलं जातं. तेव्हा 'देश सोडला' जरा जपून म्हणा.

अजून एक मुंबईकर

शब्द मागे घेतो. नियम मात्र चूकच आहे.

वाळवंटातला कोकणी

पेन्सिलनं मत! खोडून टाकलं तर?

बंड्या हिशेबनीस

स्वतःचं पेन न्या. चालतं. दरवेळी कुणीतरी हे विचारतंच.

लेस्टरची सून

आमच्या केंद्रावर ओळखपत्र नाही म्हणून एक म्हातारी गोरी बाई परत जाताना बघितली. आयुष्यभर नुसतं नाव सांगून मत देत आली असणार. आपल्याला त्यात काही वाटत नाही, आपण रेशनच्या रांगेतसुद्धा कार्ड घेऊन वाढलोय. पण इथं ओळखपत्र नावाची गोष्टच कधी सक्तीची नव्हती. ज्येष्ठांचा बसपास चालतो आणि तरुणांचं रेल्वेकार्ड चालत नाही, याचं उत्तर विळीताईंच्या पक्षानं द्यावं.

धारदार विळी

माझा पक्ष नाहीये तो!! एका पोस्टवरून मला सुनकची प्रचारप्रमुख करून टाकलंत. मागच्या वेळी मी लिबडेमला दिलं होतं, पार्किंगवरून.

खिडकीतला पाऊस

पार्किंगवरून! आणि मगाशी अस्मिता म्हणत होतात.

धारदार विळी

हसा. ठीक आहे, स्लाऊमध्ये बिल होतं, मान्य. लिहून घ्या, मी हे रोज म्हणत नाही. पण लेस्टर मी सोडणार नाही, आणि लेस्टरच्या सूनबाईंच्या सासूबाईसुद्धा माझ्या बाजूनं आहेत.

लेस्टरची सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात पुढच्या वेळी ग्रीन पक्ष.

नवाकोरा

नमस्कार. मी जानेवारीत स्टुडंट व्हिसावर आलो, स्लाऊमध्येच रूम घेतली आहे. मलापण नाव घालता येईल का? काय काय लागतं?

बंड्या हिशेबनीस

येईल. सरकारी साइटवर ऑनलाइन, पाच मिनिटं. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेव.

धारदार विळी

आणि घातल्यावर बिल बघ आधी, बाळा. पाऊसरावांचा सल्ला आहे.

नवाकोरा

सगळे विद्यार्थी असतील त्या घराला कौन्सिल टॅक्स नसतो ना, काकू?

धारदार विळी

काकू कोण?