टाकीतले तीन : गोठवलेले भ्रूण, अलाबामाचा निकाल आणि आमचा न भरलेला फॉर्म

मोगरा_हंट्सव्हिल :

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायला बसले.

आम्ही अमेरिकेत, अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला राहतो. २०२१ मध्ये आयव्हीएफ केलं, म्हणजे अंडी शरीराबाहेर लॅबमध्ये फळवली. तेरा अंडी निघाली, दहा पक्व होती, आठ फळली, पाचव्या दिवसापर्यंत पाच पोचली. पहिल्याच ट्रान्स्फरला (भ्रूण गर्भाशयात सोडतात तो) मुलगा झाला, तो आता साडेतीन वर्षांचा आहे. उरलेले चार भ्रूण क्लिनिकच्या टाकीत गोठवून ठेवले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्यासाठी तयारी सुरू केली. इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होऊन अडीच आठवडे झाले होते. २२ तारखेला कमरेतलं पहिलं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायचं होतं. तेलातलं औषध, म्हणून कुपी आधीच टेबलावर काढून ठेवली होती. दुपारी क्लिनिकचा फोन आला : सगळं थांबवलंय, पुढचं काही सांगता येत नाही. दोन मिनिटं बोलले असतील. त्यानंतर बारा दिवस मी फोन करत होते आणि मला एकदाही डॉक्टरांशी बोलू दिलं नाही.

कारण सगळ्यांना माहीत असेल. १६ फेब्रुवारीला अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराबाहेर गोठवलेला भ्रूणसुद्धा १८७२ च्या कायद्यातलं 'अज्ञान' म्हणजे अल्पवयीन मूल आहे आणि त्याच्या मृत्यूसाठी आईबाप नुकसानभरपाई मागू शकतात. मुख्य न्यायाधीश टॉम पार्कर यांनी स्वतंत्र मतात बायबलचे दाखले दिले. इथल्याच बर्मिंगहॅम शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयाने उपचार थांबवले, पाठोपाठ इतरांनी. ६ मार्चला गव्हर्नर के आयव्ही यांनी नवा कायदा केला. त्यात डॉक्टर आणि क्लिनिकना खटल्यांपासून संरक्षण दिलं. पण भ्रूण म्हणजे कोण, ते तसंच ठेवलं.

मे महिन्यात ट्रान्स्फर झालं. रुजलं नाही.

आता तीन उरलेत. टाकीचं वर्षाचं भाडं भरताना एक फॉर्म येतो : पुढे वापरायचे नसतील तर नष्ट करा, संशोधनाला द्या, की दुसऱ्या जोडप्याला द्या. पूर्वी तो दोन मिनिटांत भरला असता. आता पेन उचलत नाही. राज्य म्हणतं ती मुलं आहेत. मग मे महिन्यात जो रुजला नाही त्याचं मी सुतकही पाळलं नाही, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. माझं चुकलं का? हे मी कोणाला विचारू?

कोथरूडहून आई दर रविवारी विचारते, "ते आहेत ना गं नीट?" ती म्हणते, इकडेच घेऊन ये. पुण्याला नेता येतील का? आणि कायद्याने त्यांना 'व्यक्ती' म्हणणं तुम्हाला बरोबर वाटतं का, हेही मनापासून सांगा.

पेट्रीडिश :

मोगराताई, मी पुण्यात एम्ब्रिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवणारी, चौदा वर्षं लॅबमध्येच.

आधी व्यवहाराचं. आणणं सोपं नाही. मानवी भ्रूण भारतात आणायला २०१५ मध्ये बंदी घातली, फक्त संशोधनासाठी अपवाद; २०२१ च्या एआरटी कायद्याने (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा) स्वतःचे भ्रूण स्वतःसाठी हलवायलाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. कुरियरवाले 'होऊन जाईल' म्हणतात, त्यांचं ऐकू नका. आणि इथे असते तरी त्याच कायद्याने साठवणुकीची मुदत दहा वर्षंच. मग ते आपोआप संपू द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. म्हणजे आपल्याकडे कायद्याने सरळ तारीखच घातली आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. अंडं फळलं का ते मी सोळा-अठरा तासांनी बघते. दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसली की वहीत टिक करते. तुमच्या आठांपैकी पाच पाचव्या दिवसापर्यंत टिकले, हे फार चांगलं. अनेकींच्या आठांपैकी दोनच टिकतात. बाकीचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात, कोणी काही केलेलं नसतं. शरीरातही असंच होतं, फक्त तिथे कोणी मोजत नाही. प्रत्येक फळलेलं अंडं कायद्याने व्यक्ती धरलं तर रोज सकाळी इनक्युबेटर उघडताना मी मृत्यूची नोंद करायची का? मला हा प्रश्न वाद घालायला सुचलेला नाही, अलाबामाची बातमी वाचली त्या दिवशी हात थरथरला होता.

आणखी एक. फलनानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, जुळी तशीच होतात. पाचव्या दिवशी माझ्यासमोर जे असतं ते एक माणूस आहे की दोन, हे अजून ठरायचं असतं. संशोधनासाठी चौदा दिवसांची मर्यादा घातली त्यामागे हेही एक कारण आहे.

पण त्या 'वस्तू' आहेत असंही मी कधी मानलं नाही. टाकीत उणे १९६ अंश तापमान असतं, नायट्रोजन उडत राहतो, तो भरावा लागतो. गणपतीत, दिवाळीत, लॉकडाउनमध्येही पातळी मोजायला आम्ही आलो आहोत. वस्तूंसाठी कोणी पाडव्याला पहाटे येत नाही.

आल्मेदा_मडगाव :

मी कॅथलिक आहे आणि जीव फलनापासून सुरू होतो असं मानतो, हे आधीच सांगतो. भ्रूण गोठवून ठेवणंच आमच्या चर्चला मान्य नाही. त्यामुळे माझं मत इथे एकटं पडेल, पण ताईंनी मनापासून विचारलंय.

एक गोष्ट सगळे विसरतात. अलाबामाचा खटला कुठल्या धार्मिक संघटनेने भरला नव्हता. तो भरला आयव्हीएफ केलेल्या जोडप्यांनी. डिसेंबर २०२० मध्ये मोबाइल शहरातल्या रुग्णालयात एक रुग्ण साठवणीच्या खोलीत शिरला, त्याने भ्रूण बाहेर काढले, गारठ्याने हात भाजला आणि ते खाली पडले. खोली नीट बंद का नव्हती? त्या आईबापांनी न्यायालयात जाऊन काय म्हणायचं होतं, आमचं सामान फुटलं? ते म्हणाले, आमची लेकरं गेली. न्यायालयाने त्यांचं ऐकलं. उद्या तुमची टाकी कोणाच्या हलगर्जीपणाने गेली तर तुम्हाला काय वाटेल, ते ठरवा आणि मग निकालाला नावं ठेवा.

वकीलकाका_सातारा :

आल्मेदासाहेब, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्याला औषध वेगळं हवं. हलगर्जीपणाची जबर भरपाई देणारा स्वतंत्र कायदा करता येतो. त्यासाठी 'मूल' या शब्दाची व्याख्या ताणली की ती दुसरीकडे फाटते. डॉक्टर घाबरतात आणि ज्यांना मूल हवं आहे त्यांचंच अडतं. मोगराच्या टेबलावरची कुपी तशीच राहिली ना?

आपल्या कायद्याने हे शहाणपणाने सोडवलंय. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २० : बाप गेला तेव्हा पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं तर ते आधीच जन्मल्यासारखं वारस ठरतं. दोन अटी बघा, पोटात असणं आणि जिवंत जन्मणं. हक्क राखून ठेवला आहे, पण हातात दिलेला नाही. एका वाटपाच्या दाव्यात मी आठ महिने थांबलो होतो, मूल जन्मल्यावरच हिस्से लिहिले.

बाहेरचंही सांगतो. आयर्लंडच्या घटनेत १९८३ पासून न जन्मलेल्याच्या जगण्याचा हक्क लिहिलेला होता, तरी २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या तीन भ्रूणांना तो लागू नाही म्हटलं. कोस्टा रिकाने २००० मध्ये याच कारणाने आयव्हीएफवर बंदी आणली. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ती चूक ठरवली. खुद्द अमेरिकेत मिसिसिपीच्या मतदारांनी २०११ मध्ये फलित अंड्याला व्यक्ती ठरवणारा प्रस्ताव फेटाळला, आणि ते काही पुरोगामी राज्य नव्हे.

आणि सुतकाचं, पोरी. जुन्या शास्त्रात गर्भ गेला तर आईला जितके महिने तितक्या रात्री आशौच. मोजणी पोटातल्या महिन्यांची. तुझा तर रुजलाच नव्हता. तू डबा घेऊन कामावर गेलीस यात काही चुकलं नाही. रडू आलं असेल तर तेही चुकलं नाही.

वडगावची_मी :

मी बेळगावची. आयर्लंडचा उल्लेख आला म्हणून लिहिते. सविता हलप्पनवार आमच्या गावची, दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे माहीत होतं, तरी ठोके चालू आहेत म्हणून तो काढला नाही. सेप्सिसने २८ तारखेला ती गेली, एकतीस वर्षांची. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ते कलमच काढलं. न जन्मलेल्याचा हक्क कागदावर आईइतकाच लिहिला की खाटेवर काय होतं, ते आमच्या गावाने बघितलंय. मला यापुढे दुसरा मुद्दा सुचत नाही.

मोगरा_हंट्सव्हिल :

सगळं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

आल्मेदाजी, तुमचं म्हणणं मला लागलं. त्या जोडप्यांचा मी कधी विचारच केला नव्हता, फक्त त्यांच्यामुळे माझं अडलं एवढंच दिसत होतं. माझी टाकी फुटली तर मीही 'सामान' म्हणणार नाही. तरीही कायद्याने त्यांना मूल म्हणू नये असंच वाटतं, कारण मला ते मूल *व्हायला* हवे होते आणि त्याच निकालाने ते अडलं. वकीलकाका, 'पोटात' हा शब्द धरून बसले आहे. आपल्याकडे गर्भ म्हटला की पोट आलंच. टाकीतल्याला आपल्याकडे शब्दच नाही, म्हणून आईसुद्धा नुसतं 'ते' म्हणते.

ठरलं असं. नवऱ्याची बदली शिकागोला होते आहे, तिथल्या क्लिनिकने जागा दिली आहे. एक ट्रान्स्फर तिथे करू. नंतर जे उरतील ते संशोधनाला. त्या रकान्यात दोघांनी आज सह्या केल्या.

पेट्रीडिश, एकच विचारते. तिघांना एकाच ड्राय शिपरमध्ये (गोठवलेले भ्रूण न्यायच्या पेटीत) पाठवावं की दोन खेपा कराव्यात? कुरियरवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.