'डिक्लाइन कर्व्ह'ला काय म्हणावं? ऱ्हास, घट की ओसर?

मुक्ता: वायोमिंगमधल्या जोना या वायुक्षेत्रावरचा लेख मराठीत करतेय. तिथला वालुकाश्म इतका घट्ट आहे, की भेगा पाडल्याशिवाय गॅस विहिरीपर्यंत पोचतच नाही. अशा विहिरीचं उत्पादन सुरुवातीला धाडकन पडतं आणि पुढे वर्षानुवर्षं रेंगाळतं. त्या आलेखाला मी 'ऱ्हास-वक्र' लिहिलंय. संपादकांना 'घट-वक्र' हवाय. मला घट म्हटलं की नवरात्र आठवतं. काय करू?

नाना: सरळ 'आटणे' घ्या की. विहीर आटते, झरा आटतो, गाय आटते. आजीला विचारलं तरी तीही हेच सांगेल.

वाळूकण: नाना, शब्द गोड आहे, पण इथे फसवेल. आटली म्हणजे साठा संपत आला. घट्ट खडकातली विहीर पहिल्या वर्षी पडते ती साठा संपला म्हणून नाही. आधी भेगेला लागून असलेला गॅस येतो, मग त्यामागचा, मग आणखी लांबचा. वाट लांबते म्हणून ओघ कमी होतो.

यात उत्पादन काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. पहिल्या महिन्यात 100 असेल तर चौथ्यात 50, सोळाव्यात 25. आता हीच विहीर दर तीन महिन्यांनी निम्मी होते असं धरून बघा. चौथ्या महिन्यात 50च येतील, पण सोळाव्यात जेमतेम 3. सुरुवातीचे चार महिने बघून दोघींतला फरक कळणं अवघड, आणि विहिरीचा हिशोब नेमका तेव्हाच मांडायचा असतो.

मुक्ता, 'ऱ्हास'ला माझी हरकत याचसाठी. किरणोत्सारी ऱ्हासामुळे तो शब्द ठरावीक काळात निम्मं होणाऱ्या गोष्टीला चिकटलाय.

जमाखर्च: म्हणजे आमचा घसारा! कमी होत जाणाऱ्या शिल्लकेवर दरसाल तेवढेच टक्के.

वाळूकण: अगदी बरोबर, तो घातांकी प्रकार. आर्प्स या तेल-अभियंत्याने 1945 साली अशा वक्रांचे तीन प्रकार मांडले: घातांकी, अपास्तीय (हायपरबोलिक) आणि हार्मोनिक. त्यांच्यात फरक करणारा घातांक बी. घातांकीत तो शून्य, हार्मोनिकमध्ये एक, अपास्तीयात मधला. बी शून्याहून जास्त असला, की घसाऱ्याचा दरच हळूहळू कमी होत जातो. घट्ट खडकात मात्र सुरुवातीच्या आकड्यांवर रेघ बसवायला गेलं की बी एकाच्या वर जातो. वर सांगितलेल्या वर्गमुळाच्या प्रवाहात तर दोन. ती रेघ तशीच पुढे ओढली तर एकूण उत्पादन अनंत निघतं! म्हणून एका टप्प्यानंतर मुद्दाम घातांकी उतार जोडतात. शेवटी शेजारच्या भेगेचा नाहीतर विहिरीचा हिस्सा आडवा येतोच, तिथून खरं आटणं सुरू होतं. नाना, तुमचा शब्द त्या टप्प्याला द्या.

मुक्ता: मग सगळ्या वक्राला काय म्हणू?

वाळूकण: 'ओसर'. पूर ओसरतो, सूज ओसरते, गर्दी ओसरते. आधी भरभर, मग रेंगाळत. आणि संपलं असं कुठेच म्हणत नाही.

नाना: ओसर म्हटलं की मला ओसरी दिसते, पण असो. 'ओसर-वक्र' तोंडात बसतो.

जमाखर्च: पण 'दरवर्षी 8 टक्के ओसर' कोणी म्हणेल का? तिथे घटच लागेल.

वाळूकण: खरं आहे. आकड्याला घट, आकाराला ओसर.

विंधण: भूजलाच्या कामात आहे, एक भर घालतो. खडकात भेगा पाडण्याला, म्हणजे 'फ्रॅक्चरिंग'ला, नवा शब्द घडवू नका. आपल्या बेसॉल्टमधल्या विंधण विहिरींवर दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करतात, त्याला शासकीय कागदांत 'जलभंजन' म्हणतात. फरक इतकाच, की गॅसच्या विहिरीत भेग पुन्हा मिटू नये म्हणून वाळू भरतात.

मुक्ता: 'जलभंजन' घेतलंच. आणि 'टाइट गॅस'ला मी 'घट्ट वायू' लिहून बसले होते!

विंधण: वायू कसा घट्ट असेल? घट्ट खडक. 'घट्ट खडकातला वायू' लिहा, लांब झालं तरी चालेल. खडकातून वायू किंवा पाणी किती सहज जातं ती त्याची पारगम्यता, ती मिलिडार्सीत मोजतात; अमेरिकेत साधारण 0.1 मिलिडार्सीहून कमी पारगम्यतेच्या खडकाला असं म्हणतात.

मुक्ता: संपादकांना 'ओसर-वक्र' पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "कंसात घट लिहा."