निवडीच्या जोडीला योगायोगही
अनेकांना प्रश्न पडतो, नैसर्गिक निवड (म्हणजे उपयोगी गुण पिढ्यानपिढ्या टिकणं आणि अपायकारक गुण गळत जाणं) असताना सदोष जनुकं टिकतातच कशी? अहो, निवडीच्या जोडीला निव्वळ योगायोगही असतो की!

पॅसिफिकमधलं पिंगेलाप बेट घ्या. १७७५ च्या सुमारास वादळ आणि पाठोपाठच्या उपासमारीतून तिथे जेमतेम वीसेक माणसं उरली. त्यातल्या एकाकडे (बहुधा खुद्द राजाकडेच!) पूर्ण रंगांधता आणणाऱ्या सदोष जनुकाची एक प्रत होती. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असली तर काहीच बिघडत नाही, म्हणून निवडीला ती दिसतच नाही. पुढे आपापसात लग्नं होत गेली आणि दोन्ही प्रती सदोष असलेली मुलं जन्मू लागली. आज तिथे शंभरात ५ ते १० जणांना रंग दिसत नाहीत, भर उन्हात डोळेही उघडवत नाहीत. इतरत्र हा दोष तीसेक हजारांत एखाद्यालाच असतो.