चार महिने चालतेय. वजन जागचं हलत नाही, पण रिपोर्ट बदललाय. कशावर विश्वास ठेवू?

वय ४३, उंची १५८ सेंमी. चार महिन्यांपूर्वी सहज केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.० आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९८ निघाले. डॉक्टर म्हणाल्या, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. औषध दिलं नाही, भरभर चालायला सांगितलं.

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार रोज ४५ मिनिटं चालते. रमतगमत नाही, बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागतो. खाण्यात काही बदल केलेला नाही, हे आधीच कबूल करते.

वजन ७१.४ होतं, आता ७०.६. आठशे ग्रॅम! काट्यावर पाय जरा सरकवून उभं राहिलं तरी एवढा फरक पडतो (करून पाहिलंय). वैतागून काटा पलंगाखाली ढकलला होता. आणि परवा नवा रिपोर्ट आला: साखर १०१, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड्स १४६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१ चं ४३. शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजली, ९४ ची ८९ सेंमी. खोटं वाटलं म्हणून परत मोजली.

अजून एक. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायचे, म्हणजे धाप लागलेली कुणाला कळू नये. गेल्या आठवड्यात थेट दारापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं, किल्ली पर्समध्येच आहे.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, वजन उतरत नाही म्हणजे व्यायाम लागू पडत नाहीये. वजन तेवढंच राहून आतलं सगळं सुधारू शकतं का? की हा एका रिपोर्टचा योगायोग? आणि आता नेमकं काय वाढवू? 'रात्रीचं जेवण सोडा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

पायवाट: सुधारू शकतं, माझंही तसंच झालं. मैत्रिणीला म्हणावं, काटा चरबी आणि स्नायू वेगळे मोजत नाही. एरोबिक व्यायामाने पोटातली, अवयवांभोवतीची चरबी आधी हलते, आणि साखरेच्या दृष्टीने तीच जास्त त्रासदायक. तुमची कंबर ५ सेंमी उगाच नाही उतरली. मात्र ४५ मिनिटं चालून जेमतेम दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. त्या दोन घास जास्त खाऊन कधी भरून निघतात कळतही नाही. खाण्याला हात न लावता वजन उतरेल ही अपेक्षाच सोडा.

जुनाखोडकर: थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा. ६.० चं ५.८ हा फरक एकटा धरला तर फार हुरळण्यासारखा नाही, मोजणीतही तेवढं इकडेतिकडे होतं. एचडीएलचे दोन अंक तर सोडूनच द्या. पण ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली आणि सोबत कंबर कमी, ही जोडी मला खरी वाटते. दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये आणि तेवढेच तास उपाशी राहून केल्या होत्या का?

धागाकर्ती: हो, लॅब तीच, दोन्ही वेळा १२ तास उपाशी.

जुनाखोडकर: मग योगायोग म्हणणार नाही. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे अजून तीन महिन्यांनी परत बघा.

संथवाहते: मी फिजिओ आहे, पण इथे सर्वसाधारण माहितीच देतेय. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. पुढे तो परिणाम ओसरतो. तुमचे शनिवार-रविवार दोन्ही सलग कोरडे जातात. त्याऐवजी बुधवारी सुट्टी घ्या, शनिवारी चाला. मिनिटं तेवढीच राहतील. तुमची आठवड्याची २२५ होतात, जागतिक आरोग्य संघटना १५० ते ३०० सांगते, म्हणजे चालणं वाढवायची घाई नाही. कमी आहे ते स्नायूंचं काम, आठवड्यातून दोनदा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, एवढ्याने सुरुवात करा.

धागाकर्ती: बुधवारचं लगेच जमेल, कधी सुचलंच नव्हतं. काटा पलंगाखालीच राहू दे, महिन्यातून एकदा टेप लावेन. उठाबशांची मात्र भीती वाटते, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो.

संथवाहते: नुसता आवाज की दुखतंही? नुसता आवाज असेल तर उंच खुर्ची घ्या, सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. दुखत किंवा सुजत असेल तर आधी दाखवून घ्या.

धागाकर्ती: नुसता आवाज. आज आठ जमल्या, शेवटच्या दोन हात टेकून.