तुमच्या गावची लोकसंख्या किती, आणि गाडी कुठपर्यंत येते?

परवा पुतणीला स्थळ आलं. पाव्हण्यांचा पहिलाच प्रश्न, "गाव फाट्यापासून किती आत हाय?" शेतीचं नंतर विचारलं. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. गावच्या पाटीवरचा आकडा अजून २०११ च्या जनगणनेचाच, आणि रस्ता तर आकडा बघून मिळतो. ग्रामसडक योजनेत सपाटीच्या वस्तीला २००१ च्या मोजणीप्रमाणे ५०० ची अट होती. मराठवाड्यातल्या मंडळींनी आपापलं लिहा.

बालाघाटावरचा (बीड)
आमच्या गावच्या दोन लोकसंख्या. पाडवा ते दसरा एक, दसऱ्यानंतर दुसरी. ट्रकमध्ये भांडी, शेरडं, कोंबड्या भरून कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) निघाले की मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली थोडी पोरं. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गाळपात. त्या दिवसांत जो गावात एकदाही नसतो, तो गावच्या आकड्यात येत नाही. आमच्या घरची पाच माणसं तेव्हा कारखान्यावर कोपीत (झोपडीत) होती. तिथं कुणी मोजली का, आईला आठवत नाही. बसचंही तसंच. उन्हाळ्यात दारात लोंबकळावं लागतं, हिवाळ्यात तीच गाडी मोकळी पळते, आणि मोकळ्या गाडीचा हिशोब बघून फेरी बंद होते. आता २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच धरलीय म्हणे. ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस त्यासाठी गावाकडं येणार आहे का?

तांड्यावरची (हिंगोली)
तांडा पावणेचारशेचा, गाव दोन किलोमीटरवर. कागदावर आम्ही त्याच गावात. गावाला डांबरी आली, तिथं विषय संपला. आमची गाडीवाट काळ्या रानातून जाते. मृग बरसला की मोटारसायकली गावातल्या सोयऱ्यांच्या ओसरीत लावायच्या, त्या दसऱ्यालाच तांड्यावर आणायच्या. तोवर दुधाचे कॅन डोक्यावर आणि चप्पल हातात.

नव्या गावचा (औसा)
३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव उठून माळावर आलं. जुन्या गावात बैलगाडी वळायची नाही, इथं बस थेट आत येते. पण गाव एवढं ऐसपैस झालं की आजीच्या जुन्या शेजारणी चार गल्ल्या पलीकडं गेल्या. "पूर्वी भिंतीवरून कोरड्यास द्यायचो, आता ॲपे करावा लागतो," म्हणते.

लातूरकडचा
मुक्कामी गाडी कुणाला आठवते? रात्री आठला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर पारावर झोपायचे, भाकरी कुणाच्या तरी घरून जायची. पहाटे इंजिन सुरू झालं की गाव उठायचं, गजराचं घड्याळ कुणाकडं होतं? शहराचा पेपर, दवाखान्याच्या गोळ्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं कंडक्टरच्या हातानं यायचं. "गाडी येऊलाली" असं कुणी ओरडलं की आम्ही पोरं वेशीपर्यंत पळायचो. आता दारोदार मोटारसायकल आहे, मुक्कामी गाडी गेली. ज्याला मोटारसायकल चालवता येत नाही, त्या म्हाताऱ्यानं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

परभणीची सून
मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट. सासूबाई तेव्हापासून एक बाजार चुकवत नाहीत. फाट्यापासून आत मात्र ॲपेवाला पुरे वीस घेतो, त्याला सवलत माहीत नाही.

पुन्हा बीड
१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. नगर-बीड-परळीला मंजुरी १९९५ ची, तेव्हा मी चौथीत होतो. आता माझा पोरगा बारावीला आहे. स्टेशन गावापासून बावीस किलोमीटर, जायला काळी-पिवळी, तीही भरल्याशिवाय हलत नाही.

तांड्यावरची
त्या सोयरिकीचं काय झालं पण?

धागाकर्ता
तीन किलोमीटर सांगितलं. पाव्हणे म्हणले, पावसाळ्यात येऊन बघतो.