‘पाचारण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक सभेचा विषय ठरलाय, ‘आयुष्यातले अनुभव आणि देवाचं पाचारण’. पत्रिका बघून कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला मित्र म्हणाला, ‘पाचारण अग्निशमन दलाला करतात. तुम्हाला कशाचं पाचारण?’ हाक, बोलावणं, आवाहन असे शब्द असताना आपण हाच का वापरतो? आणि अनुभवाचा त्याच्याशी संबंध काय?

प्रतिसाद : मित्राचं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करा. २०१९ साली पंचगंगेला महापूर आला तेव्हा एनडीआरएफला, लष्कराला पाचारण केलं. ज्यांच्याकडे बोटी आणि सराव आहे त्यांनाच बोलावलं. बारशाला कुणी पाचारण करत नाही. आवाहन सगळ्या गावाला असतं. पाचारण नेमक्या माणसाला, नेमक्या कामासाठी.

मंडळीत फरक पडतो तो क्रियापदात. बातमीत पाचारण ‘करतात’, आपल्याकडे ते ‘होतं’. ‘मला पाचारण झालं’ म्हणणारा माणूस स्वतःकडे कर्तेपण घेत नाही. ‘मी समाजसेवा करायचं ठरवलं’ हे वाक्यही चांगलंच आहे, पण ते वेगळं वाक्य आहे.

आता अनुभव. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८२ मध्ये नवरा गेला, कडेवर लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. भूक काय करते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण उपाशी तर त्या काळी लाखो लोक राहिले. म्हणून नुसता अनुभव म्हणजे पाचारण, असं मला वाटत नाही. अनुभवानं कान तयार होतो. हाक वेगळी येते, कधी कधी वीस वर्षांनी.

दुसरा प्रतिसाद : यात ‘ओझं’ हा शब्दही घ्या. आपल्या साक्षींमध्ये, म्हणजे सभेत देवाविषयीचे स्वतःचे अनुभव सांगतात त्यात, तो फार येतो. आमच्या मंडळीतल्या एक काकी नवऱ्याच्या आजारपणात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात राहिल्या होत्या. आता त्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जातात. प्रार्थना करतात, पण आधी केसपेपर कुठे काढायचा ते दाखवतात, रात्री टेकायला चटई देतात, आणि बाई एकटी असेल तर ‘तू जेवून ये, मी बसते’ म्हणतात. ही शेवटची गोष्ट तिथं राहिलेल्यालाच सुचते. साक्षीत त्या ‘पाचारण’ म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘देवानं माझ्यावर त्या व्हरांड्याचं ओझं घातलं.’ बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो : आपल्याला संकटात जे सांत्वन मिळालं, त्यानंच आपण दुसऱ्याचं सांत्वन करावं.

प्रश्नकर्ता : मग पाचारण फक्त पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, होतं असं आमच्या घरी धरतात, ते?

पहिला प्रतिसादक : तो अर्थ फारच आखडलाय, आणि मला ते खटकतं. त्याला ‘सेवकाई’ हा शब्द आहे, तिथं शिक्षण, दीक्षा, नेमणूक सगळं येतं. पाचारण त्याहून मोठं. पौल स्वतः तंबू करायचा, प्रेषित झाल्यावरही तो धंदा त्यानं सोडला नाही. नर्स, शिक्षक, रिक्षावाला, ज्याला त्याला आपापल्या जागी पाचारण होऊ शकतं. आणखी एक, सभेत कुणाला दुःख सांगायला भाग पाडू नका. प्रत्येक जखमेतून सेवा निघालीच पाहिजे असा हिशोब मांडला की नुकतंच कुणी गेलेल्या घरातली पोरं गप्प होतात.

पत्रिकेवर ‘पाचारण’ राहू द्या. खाली एका ओळीत ‘देवानं कामासाठी बोलावणं’ एवढं लिहा, आणि त्या मित्रालाही बोलवा.